पाखराचे महिने आणि बंदुकीचे दिवस

बाहेर अजून चटके बसत असायचे, तेव्हाच आमच्याकडे थंडीची तयारी सुरू व्हायची. आई फ्रीजरमधली सुरमई आणि गावाहून आलेल्या सुकटीच्या पिशव्या खालच्या कप्प्यात दाबून बसवायची आणि वरचा अख्खा कप्पा रिकामा करायची. तिथे अब्बा दोन डबे ठेवायचे. पांढऱ्या झाकणाचा डबा पाखराचा, निळ्या झाकणाचा माणसांचा. पांढऱ्यात दुकानातून आणलेले, साफ केलेले लावे पक्षी असायचे. निळ्यात मालकाच्या मुलाने बंदुकीने मारून आणलेले होले, कधी एखादा ससा. दोन्ही डब्यांची सुरीही वेगळी. पांढऱ्याची सुरी आमच्या भाजीला लागली तरी अब्बा काही बोलायचे नाहीत, पण निळ्याची सुरी पाखराच्या फळीवर दिसली की त्यांचा आवाज चढायचा. एरवी ते आवाज चढवणारे माणूस नव्हते.

पाखरू म्हणजे ससाणा. आखातात, अल दुहैलमधल्या एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगाला तीन खोल्यांची बैठी चाळ होती. दोन खोल्यांत आम्ही राहायचो, आई, अब्बा आणि मी, आणि तिसऱ्या खोलीत मालकाची पाखरं. मालकाला सगळे बू राशिद म्हणायचे, तोंडावर अरबाब. त्याचा मोठा मुलगा राशिद. अब्बा त्यांच्या पाखरांचे सांभाळदार होते, आणि आई व्हिलाच्या मुदपाकखान्यात हाताखाली. तीन खोल्यांपैकी एसी सगळ्यात चांगला पाखरांच्या खोलीचा. आमचा एसी घरघरायचा आणि मध्येच पाणी टाकायचा. त्यावर आई म्हणायची, "माझी सवत बघा कशी गार हवेत बसलेय, आणि मी इथं घाम पुसतंय." सवत म्हणजे शम्मा, अब्बांची सगळ्यात आवडती मादी. अब्बा हसायचे आणि म्हणायचे, "तिला उडायचं असतं गो. तुला कुठं उडायचंय?" आई चुलीवरची भाकरी उलटताना पुटपुटायची, "विचारलं कुणी मना?"

आम्ही रायगडकडचे. आईला आई म्हणायचं आणि वडिलांना अब्बा, हे आमच्या गावात सगळ्याच घरांत असं आहे, त्याचं कारण मला आजही सांगता येणार नाही. अब्बांना अरबी बोलणं पाण्यासारखं यायचं, मालकाच्या मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बसून बसून शिकलेलं. आकडे ओळखता यायचे, लिहिणं नाही. आई तर सहीच्या जागी अंगठा उठवायची. मी बारावीत होते, इंग्रजी शाळेत. आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून बारावीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी आज अभिमानाने लिहिते, आणि तेव्हा तर माझं डोकं त्याने इतकं भरलेलं होतं की दारातून वाकून जावं लागत नव्हतं हेच नवल.

पाखराची तयारी दोन महिने चालायची. उन्हाळ्यात पाखरू पिसं टाकतं, जाडं होतं, आळसावतं, माणूसही विसरतं. नवी पिसं पूर्ण भरली की अब्बा त्याला पुन्हा हातावर घ्यायचे. सुरुवातीला डोक्यावर चामड्याची टोपी, डोळे झाकलेले, आणि अब्बांचा डावा हात छातीशी दुमडलेला, जाड हातमोज्यावर शम्मा. असे ते तासन्‌तास चालायचे, अंगणात, गाड्यांच्या मधून, मुदपाकखान्याच्या दारात भांडी आपटत असायची तिथून, आणि संध्याकाळी मजलिशीत जिथे पाहुणे मोठमोठ्याने हसायचे आणि कॉफीच्या पेल्यांचा खणखणाट चालायचा. पाखराला आवाज अंगवळणी पडावे लागतात. मग टोपी काढायची. मग दोरीवर पाच पावलं, दहा, पन्नास, आणि शेवटी पंखांचं आमिष गरगर फिरवून मोकळ्या वाळवंटात बोलावणं. या सगळ्यात एक गोष्ट रोजची, वजन. पाखरू जड असलं तर भूक नाही, भूक नाही तर ते तुमच्याकडे परत कशाला येईल? आणि हलकं असलं तर उडताना दम तुटतो. शम्माचं बरोबर वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. अब्बांना ते तिच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवून कळायचं, पण बू राशिदने डिजिटल काटा आणला होता आणि त्याला रोजचा आकडा वहीत हवा असायचा.

ती वही मी लिहायची. अरबाबची परवानगी एवढीच होती की मी उंबऱ्याबाहेर बसायचं, अब्बांनी आतून आकडा सांगायचा आणि मी लिहायचा. त्याच्या ओळखीत कुणाच्यातरी मुलाने खिडकी उघडी टाकली होती आणि पाखरू गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्याचा हुकूम होता, पाखरांच्या खोलीत उस्मानशिवाय, म्हणजे अब्बांशिवाय, कुणी पाय ठेवायचा नाही. कुटुंब मागच्या अंगाला ठेवायची मुभा त्याने याच अटीवर दिली होती, आणि ती अट मोडली तर बायको-मुलगी गावी, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण उंबरा हा काही कुंपण नसतो. अब्बांची नजर अधू व्हायला लागली होती, काट्यावरचे हिरवे आकडे त्यांना फिसकटलेले दिसायचे, आणि वर्षभरात मी उंबऱ्यावरून आत, आतून काट्याजवळ आणि काट्याजवळून थेट हातमोज्यापर्यंत पोचले होते. शम्मा माझ्या हातावर बसली की तिच्या नख्यांचा दाब चामड्यातून जाणवायचा. काटा टिंग वाजायचा. "किती गो?" "नऊशे चौऱ्याऐंशी." "लिही. उद्या अर्धा लावा कमी."

बंदुकीची तयारी म्हणजे एक दुपार. थंडी पडली की राशिदचे मित्र जमायचे, उत्तरेकडे कुणाचं तरी शेत होतं तिथे जायचे. आदल्या दिवशी राशिद बंदुकीचा लांबट पेटारा अंगणात उघडायचा, नळीतून चिंधी ओढायचा, तेल लावायचा, काडतुसांच्या पेट्या गाडीत टाकायचा, नवे बूट घालून आरशात बघायचा आणि रिकाम्या डब्यांवर दोन-चार बार काढायला शेताकडे निघायचा. गाडीत बर्फाच्या पेट्या शिकारीपेक्षा जास्त. परत आला की आईच्या पुढ्यात होल्यांचा ढीग. आई ते सोलायची, आणि मासळीचा काटा काढावा तसे बोटांनी चाचपून छर्रे काढायची. एका वाटीत ते टणटण पडायचे. मग लसूण, मिरी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, आणि तांदळाची भाकरी. अब्बा त्याला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "मना डाळ वाढ."

त्याचं कारण आईने मला सांगितलं होतं. लग्नाआधी अब्बा गावात शिकारी म्हणून ओळखले जायचे. चुलत्याची ठासणीची बंदूक होती, भातशेतीच्या राखणीची. नळीत दारू ठासायची, वर छर्रे, आणि माळावर दबा धरून बसायचं. नेम असा की लोक लांबून बोलवायला यायचे. एका पहाटे त्यांनी भेकर मारलं, ते छोटं हरीण असतं ना, कुत्र्यासारखं भुंकणारं. घरी आणून चिरलं तर पोटात पिल्लू, पूर्ण वाढलेलं. अब्बांनी बंदूक चुलत्याच्या ओटीवर नेऊन ठेवली आणि कसम घेतली की पुन्हा बंदुकीला हात लावणार नाही. काही महिन्यांत ते इकडे आले आणि नशिबाने पाखरांचं काम मिळालं. एकदा मी त्यांना विचारलं होतं, जनावर तर पाखरूही मारतंच, मग फरक काय? ते बराच वेळ शम्माची टोपी पुसत बसले. "बंदूकवाल्याला समोरचं जनावर दिसलं की झालं," ते म्हणाले. "पाखरावाल्याला रोज दुसऱ्याच्या पोटातली भूक ओळखावी लागते. मना ते बरं वाटतं."

आता त्या डब्यांविषयी. बंदुकीचं मांस पाखराला का नाही, हे अब्बांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांना जुन्या सांभाळदाराने सांगितलं होतं आणि त्यांनी धरून ठेवलं होतं, बस. त्यांचे असे नियम पुष्कळ होते. पाखरांच्या खोलीत शीळ घालायची नाही. ओल्या केसांनी आत यायचं नाही. मंगळवारी नवी टोपी चढवायची नाही. मी विज्ञान शाखेची मुलगी, रसायनशास्त्रात वर्गात पहिली, मला हे सगळे नियम एकाच गाठोड्यातले वाटायचे. बंदुकीच्या कसमेमुळे अब्बांना त्या मांसाचीच शिसारी आहे आणि तीच ते पाखरावर लादतात, असा माझा पक्का निष्कर्ष होता. शिसं हे विष आहे, हे माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पाठ केलं होतं. फ्रीजरमधल्या निळ्या डब्याशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज मी दवाखान्याच्या लॅबमध्ये नव्या मुलींना शिकवते तेव्हा त्यांचे गुण मला कधीच पुरेसे वाटत नाहीत, त्या कडक म्हणतात मला. म्हणू देत.

डिसेंबरात बू राशिद उमऱ्याच्या यात्रेला गेला. जानेवारीत तो शम्माला परदेशी शिकारीला नेणार होता आणि ती अगदी वजनावर आलेली होती. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राशिद मागच्या अंगाला आला. "यल्ला उस्मान, शेतावर चल. तीन दिवस. स्वयंपाक्या सुट्टीवर गेलाय, आमच्यात कुणाला चहा पण करता येत नाही."

अब्बा म्हणाले, पाखरू आहे, अरबाब नाही, मला हलता येणार नाही.

"पाखरू काय तीन दिवसांत मरतंय? बाबाला मी सांगणार नाही, तू पण सांगू नको. खलास."

मालकाच्या मुलाला नाही म्हणणं अब्बांना जमलं नाही. निघताना त्यांनी मला खोलीत नेलं. "नसू, ऐक. पांढऱ्या डब्यातला लावा रात्री काढून ठेवायचा, सकाळी मऊ झाला की द्यायचा. गोठलेला द्यायचा नाही. वजन लिहायचं. दार लावून घ्यायचं. कुणाला दिसू नको." मी म्हटलं, "अब्बा, मला येतं सगळं." ते हसले. मला सगळं येतं यावर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

पहिल्या दिवशी सगळं नीट झालं. त्या रात्री मी सराव परीक्षेच्या अभ्यासात लावा काढून ठेवायला विसरले. सकाळी पांढरा डबा उघडला तर आत दगड. शम्मा वाट बघत होती, पाय बदलत, मान पुढे काढून. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आईने निळ्या डब्यातले मागच्या फेरीतले होले सोलून, चाचपून, हळद लावायच्या आधी झाकून ठेवलेले होते. वितळलेले, मऊ. मी एक घेतला. आईने छर्रे काढलेले होते तरी मी पुन्हा बोटं फिरवली, एक सापडला, तो काढला आणि स्वतःवर खूश झाले. बघा, किती काळजी घेते मी. शम्माने तो होला असा खाल्ला की लावा तिने कधी तसा खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन बरोबर नऊशे ऐंशी. वहीत तो आकडा लिहिताना मी खाली रेघ ओढली. आणि त्या दिवशी लावा मऊ होऊन तयार असताना मी मुद्दाम दुसरा होला दिला. पहिल्या होल्याच्या वेळी विसरले होते, हे मी स्वतःला माफ करू शकते. दुसऱ्या होल्याचं मी कशातच बसवू शकलेले नाही.

आईने विचारलं, "दोन होले कमी कसे गो?" मी म्हटलं, मांजर. आई मांजराला दिवसभर शिव्या घालत राहिली.

अब्बा परत आले, वही चाळल्यासारखी केली, म्हणाले, "शाबास." आठवडाभराने शम्माची विष्ठा हिरवी पडायला लागली. मग ती खाणं अर्ध्यावर सोडायला लागली. मग एका सकाळी ती बसायच्या खांबावरून खाली उतरलेली सापडली, वाळूवर, पंख पसरून, आणि पायाची बोटं अशी मिटलेली की अब्बांना ती उलगडता येईनात. काटा टिंग वाजला. आठशे सत्तर. अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते फ्रीजपाशी गेले, निळा डबा काढला, बघितला, परत ठेवला. मग आईला विचारलं, "मांजर आलं होतं म्हणतेस ते कधी?" आई सांगायला लागली आणि मध्येच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत तिघांनाही कळलं. एसी घरघरत राहिला.

बू राशिद आदल्याच दिवशी परतला होता. तो स्वतः गाडी घेऊन आला, पाखरांच्या दवाखान्यात जायचं. तिथली डॉक्टर परदेशी बाई आहे, तिला अरबी येत नाही, अरबाबला इंग्रजी जेमतेम, तेव्हा अब्बांनी सुचवलं की मुलीला घेऊ, ती इंग्रजी शाळेत आहे. "माशाअल्ला," अरबाब म्हणाला. मी शाळेचा गणवेश घालून मागच्या सीटवर बसले. अब्बांच्या हातावर टॉवेलात गुंडाळलेली शम्मा. सगळ्या वाटेत अब्बा मराठीत एवढंच म्हणाले, समोर बघत, शांतपणे, "मी घातलं म्हणून सांगायचं. तू खोलीत कधी गेली नाहीस. तुझं वर्ष आहे हे."

त्या 'वर्षा'त काय काय होतं ते सांगते. गावी माझ्यासाठी स्थळ आलेलं होतं, आईच्या मामेभावाचा मुलगा, आणि आजोबांचा निरोप होता की पोरगी आली की उरकून टाकू. अब्बांनी बारावीचं कारण सांगून ते थोपवलं होतं. आई आणि मी फेब्रुवारीच्या आधी गावी गेलो असतो तर परीक्षा नाही, कॉलेज नाही, आणि मी आज हे लिहायलाही बसले नसते. अब्बांनी पाखरू मरणाच्या दारी नेलं असं ठरलं तर अरबाब रागावेल, कदाचित काढूनही टाकेल. पण एवढ्या वर्षांची चाकरी होती, चुकीला माफी मिळण्याची आशा होती. अट मोडली असं ठरलं तर ती आशाही नव्हती. टॉवेलातल्या पाखराकडे बघत अब्बांनी एवढा हिशेब केला होता.

डॉक्टरीणबाईंनी शम्माला गुंगी दिली, फोटो काढला आणि उजेडाच्या चौकटीवर लावला. पांढरट हाडांच्या मधोमध, पोटात, मोहरीएवढे दोन ठिपके. बाकी सगळं धूसर आणि ते दोन ठिपके लख्ख. बाई म्हणाल्या, शिसं. बंदुकीने मारलेल्या पक्ष्याचं मांस. पोटातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात जातं. मी ते अब्बांना मराठीत सांगितलं, अब्बांनी अरबीत अरबाबला. साखळीच झाली होती, इंग्रजी माझ्याकडे, मराठी अब्बांकडे, अरबी अरबाबकडे. त्या साखळीत मधला माणूस आपल्या नियमाचं कारण आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. त्यांच्या तोंडावर मी ते बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा खुललासुद्धा. मग ते अरबाबकडे वळले.

अरबाबने विचारलं, कुणी घातलं?

"मी, अरबाब," अब्बा म्हणाले. एवढी अरबी मलाही कळायची.

बाईंनी मला विचारलं, काय म्हणतात ते? मी इंग्रजीत सांगितलं की वडील म्हणतात, त्यांनी घातलं. बाईंनी शम्माचा एक पंख उघडला, पूर्ण पसरला. एकही पीस तुटलेलं नव्हतं, कडा सरळ, चकचकीत. चोच घासलेली, पायाचे तळवे स्वच्छ. त्यांनी तो पंख हलकेच मिटला. मग अब्बांच्या दुमडलेल्या हाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, माझ्या गणवेशाकडे. "मला नाही पटत," त्या म्हणाल्या. "ज्याने हे पाखरू असं राखलंय तो माणूस ही चूक करणार नाही. इतकं चांगलं राखलेलं पाखरू मी या देशात फार थोड्या वेळा बघितलंय. हे तुझ्या वडिलांना सांग."

अब्बा मला म्हणाले, "काय म्हणते?"

ते वाक्य मी मराठीत सांगितलं असतं तर अब्बांनी ते अरबीत अरबाबला सांगितलं नसतं, हे मला आज कळतं. ते सहज गाळता आलं असतं त्यांना. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ते वाक्य खोलीत मोकळं सुटलं तर फिरून माझ्याकडे येणार. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, "म्हणते, इतकी वर्षं काम करून एवढंही कळत नाही का? पुन्हा असं करू नका म्हणते."

अब्बांनी मान खाली घातली. आणि मग त्यांनी ते, माझं वाक्य, शब्दन्‌शब्द अरबाबला अरबीत सांगितलं. स्वतःविषयी. अरबाबने ऐकून घेतलं. "खलास, उस्मान," तो म्हणाला, म्हणजे झालं, सोड आता. रागावलाही नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

शम्मा वाचली. दोन आठवडे इंजेक्शनं घेऊन तिचे पाय सुटले. पण जानेवारीची शिकार गेली, आणि पाखरांच्या खोलीची किल्ली नवीन सांभाळदाराकडे गेली. अब्बांना काढलं नाही, एवढ्या वर्षांची लाज अरबाबने राखली. फक्त काम बदललं. उस्मान आता राशिदकडे, असं सांगण्यात आलं. स्वयंपाक, गाडी, आणि बंदुका.

ज्या दिवशी राशिदने पहिल्यांदा तो लांबट पेटारा आमच्या दारात आणून ठेवला त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. आई म्हणाली, "सांगा त्याला, कसम आहे म्हणून." अब्बा म्हणाले, "सांगितलं तर म्हणेल, मग घरी जा. पोरीची परीक्षा झाली का?" त्यांनी नळीतून चिंधी ओढली. इतकी सफाईने ओढली की राशिद म्हणाला, "अरे, तुला येतं की हे!" शेतावरही त्यांनी बंदुका भरून दिल्या, पुसल्या, मोजून ठेवल्या. नेम कधी धरला नाही, हे राशिदनेच हसत हसत आईला सांगितलं, "तुझा नवरा घाबरट आहे, हातात देतो आणि कान झाकतो." पुढल्या थंडीत शम्मा पुन्हा उडाली, दुसऱ्याच्या हातावरून. त्या दिवशी अब्बा अंगणात गाडीत बर्फाच्या पेट्या चढवत होते. आई सांगायची, शम्माला बाहेर काढलं तेव्हा तिची टोपी घट्ट बसली आहे असं ते आपोआप बोलून गेले आणि नवीन माणूस म्हणाला, तू बंदुकीचं बघ.

तोवर मी मुंबईला कॉलेजात होते. बी.एस्सी. झाले, लॅबचा कोर्स केला, आणि नोकरीवर परत इथेच आले, या वेळी स्वतःच्या व्हिसावर. पदवीचा फोटो आईने अल मन्सूराच्या एका दुकानात नेऊन मोठा करून आणला, चौकटीसकट. तिथे आता मेट्रोचं स्टेशन झालंय, ते दुकान गेलं. फोटो आहे. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. अब्बा माझ्याकडे अल थुमामाला असतात. विमानं इतकी खालून जातात की टीव्हीचा आवाज बुडतो, त्यांना फरक पडत नाही, ते बघतच असतात. बसले की डावा हात छातीशी दुमडलेला. माझ्या मुली लहानपणी विचारायच्या, नाना'ज हँड हर्टिंग? मी म्हणायचे, नाही, सवय आहे.

हे सगळं मी आत्ता लिहायला घेतलं त्याला कारण झालं. गेल्या महिन्यात अब्बांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तरुण मुलगी, इंग्रजीतच बोलत होती. तिने डावा डोळा तपासला आणि मला म्हणाली, यांना खूप आधीपासून नीट दिसत नसणार, यांनी इतकी वर्षं काम कसं केलं असेल? अब्बा खुर्चीत, हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली, मला म्हणाले, "काय म्हणते?"

डॉक्टर मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी सांगितलं, थेंबांचं, पुढच्या तारखेचं.

खाली गाडीत बसलो. त्यांचा पट्टा मी लावला. गाडी सुरू केली नाही. म्हटलं, "अब्बा, शम्माची ती डॉक्टरीण आठवते?"

"हां."

"ती तुम्हाला बोलली नव्हती. ते मी बोलले होते." आणि मग मी ते वाक्य सांगितलं, जसं बाईंनी सांगितलं होतं तसं. ज्याने हे पाखरू असं राखलंय तो माणूस ही चूक करणार नाही. इतकं चांगलं राखलेलं पाखरू मी या देशात फार थोड्या वेळा बघितलंय. हे तुझ्या वडिलांना सांग.

वरून एक विमान गेलं, ते जाईपर्यंत अब्बा थांबले. औषध घातल्याने डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे मला काही कळलं नाही. उजव्या हाताचं बोट ते डाव्या मनगटावरून हळूहळू फिरवत होते, छातीचं हाड चाचपावं तसं.

"पंख उघडून बघितला होता तिने," ते म्हणाले.

"हो."

"परत सांग."